नवीन राउटर पहिल्यांदा लावताना: खोका उघडल्यापासून नेट नीट चालेपर्यंत

नवीन राउटर आणला की बहुतेक जण काय करतात, प्लग लावतात, हातात येईल ती वायर दिसेल त्या पोर्टमध्ये घालतात आणि मोबाईलवर वाय-फायचं नाव दिसलं की झालं काम असं धरून चालतात. मग वाय-फाय कनेक्ट होतं पण नेट काही चालत नाही, आणि तिथून पुढे रिसेट कर, परत लाव, परत रिसेट कर असं दोन-दोन तास चालू राहतं. मी स्वतः पहिल्या वेळी अख्खी संध्याकाळ यात घालवली आणि शेवटी कळलं की एकच वायर चुकीच्या पोर्टमध्ये होती. म्हणून ज्यांनी राउटरचं सेटिंग कधी उघडूनच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. राउटरला दोन बाजू असतात. एक बाहेरची, जिथून नेट कंपनीचं कनेक्शन आत येतं, तिला वॅन म्हणतात. दुसरी आतली, जिला तुमचे लॅपटॉप, टीव्ही, मोबाईल जोडले जातात, ती लॅन, आणि वाय-फाय हा त्या आतल्या बाजूचाच भाग आहे, फक्त वायर नाही एवढंच. बाहेरची बाजू पूर्ण मेलेली असली तरी वाय-फायचं नाव मोबाईलवर दिसतं, सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, कारण त्या दांड्या मोबाईलला राउटरचा सिग्नल किती चांगला मिळतोय तेवढंच सांगतात, नेट येतंय का नाही याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. म्हणजे "वाय-फाय चालत नाही" आणि "नेट चालत नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. हे एकदा कळलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

सुरू करायच्या आधी काय विचारून घ्यायचं

नेट कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचारा आणि कागदावर लिहून घ्या. पहिली, कनेक्शनचा प्रकार कोणता, डीएचसीपी (आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, आपोआप मिळतो), पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून लॉगिन करावं लागतं) का स्टॅटिक आयपी (कंपनीने ठरवून दिलेला कायमचा पत्ता). दुसरी, पीपीपीओई असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड काय (बिल भरायच्या अ‍ॅपचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, इथे खूप लोक फसतात), आणि व्हीलॅन आयडी (काही कंपन्या कनेक्शनसाठी देतात तो एक आकडा) टाकावा लागतो का. तिसरी, त्यांच्याकडे मॅक अ‍ॅड्रेस लॉक असतो का, म्हणजे जुन्या राउटरचा मॅक नंबर (प्रत्येक मशीनला कारखान्यातून मिळालेला ओळख नंबर) त्यांच्या सिस्टिमवर बांधून ठेवलाय का. हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मग सगळं बरोबर करूनही नेट येत नाही तेव्हा कारण सापडत नाही.

राउटर पालथा करून खालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. वाय-फायचं सुरुवातीचं नाव, त्याचा पासवर्ड, सेटिंगच्या पानाचा पत्ता, लॉगिन, बहुतेक सगळं त्याच्यावर असतं. नंतर राउटर भिंतीवर लावला की ते स्टिकर वाचायला सगळं उतरवावं लागतं, त्यापेक्षा आत्ताच फोटो बरा. जमलं तर एक लॅन केबल आणि लॅपटॉप जवळ ठेवा. मोबाईलवरूनही सगळं होतं, पण वायरने केलेलं काम मध्येच तुटत नाही.

वायरी

फायबरचं कनेक्शन असेल तर ती बारीक फायबर आधी ओएनटी नावाच्या डब्यात जाते, लोक त्यालाच मोडेम म्हणतात, आणि त्या डब्यातून साधी लॅन केबल निघून तुमच्या राउटरला येते. फायबर थेट साध्या राउटरमध्ये जात नाही. ती फायबर काढू नका, घट्ट वळवू नका, तिच्यावर टेबलाचा पाय येऊ देऊ नका आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो.

आता मोडेममधून आलेली लॅन केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्ये घाला. हा पोर्ट बाकीच्यांपासून थोडा लांब असतो किंवा त्याचा रंग वेगळा असतो, बऱ्याचदा निळा, आणि त्याच्यावर वॅन किंवा इंटरनेट असं लिहिलेलं असतं. बाकीचे एक ते चार नंबरचे लॅन. माझी चूक इथेच झाली होती, मी केबल लॅन एकमध्ये घातली होती. तरीही पोर्टचा लाइट लागतो, म्हणून आपल्याला वाटतं वायर बरोबर आहे, पण बाहेरची बाजू रिकामीच राहते आणि आपण आत बसून सेटिंग बदलत राहतो. म्हणून लाइट लागला यावर समाधान मानू नका, कोणत्या पोर्टचा लागला ते बघा.

चालू करायचा क्रमही महत्त्वाचा आहे. जुना राउटर काढून नवा लावत असाल तर मोडेमची पॉवर बंद करा, दोन-तीन मिनिटं तशीच राहू द्या, मग मोडेम चालू करा, त्याचे लाइट स्थिर होईपर्यंत थांबा आणि त्यानंतर राउटर चालू करा. कारण असं की बरेच मोडेम आधी जोडलेल्या मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस लक्षात ठेवतात आणि दुसरं मशीन दिसलं तरी त्याला आयपी देत नाहीत, पॉवर गेली की ते विसरतात. राउटरलाही पूर्ण उठायला एक-दोन मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा.

सेटिंगचं पान उघडणं

लॅपटॉप केबलने राउटरच्या कोणत्याही लॅन पोर्टला जोडा, किंवा मोबाईलवर स्टिकरवरचं वाय-फाय पकडा. मोबाईल वापरत असाल तर मोबाईल डेटा बंद करा, हे अगदी आठवणीने. नाहीतर होतं काय की फोनला कळतं या वाय-फायवर नेट नाही, मग तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि राउटरचं पान उघडतच नाही, आणि आपल्याला वाटतं राउटरच खराब निघाला. "इंटरनेट नाही, तरी कनेक्ट राहायचं का" असं विचारलं तर हो म्हणा.

मग ब्राउझरच्या वरच्या पट्टीत स्टिकरवरचा पत्ता टाका, साधारण १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो, आणि टाइप करताना कीबोर्ड इंग्रजी आकड्यांवर घ्या. पान न उघडता सर्चचे रिझल्ट आले तर पत्ता पट्टीत न टाकता सर्चच्या चौकटीत टाकलाय किंवा मध्ये स्पेस पडलीय. पत्ताच माहीत नसेल तर मोबाईलच्या वाय-फाय डिटेल्समध्ये गेटवे किंवा राउटर या नावापुढे जो आकडा असतो तोच पत्ता. लॅपटॉपचा आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा की त्याला राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही, आधी केबल तपासा, मग राउटर एकदा बंद-चालू करा.

"हे पान सुरक्षित नाही" असा इशारा ब्राउझर दाखवेल. खात्री करा की तुम्ही स्वतःच्याच राउटरला जोडलेले आहात आणि पत्ता स्टिकरवरचाच आहे, मग पुढे जा. घरातल्या राउटरकडे वेबसाइटसारखं सर्टिफिकेट नसतं म्हणून तो इशारा येतो.

लॉगिन जुन्या मॉडेलला अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असं असतं, नवे राउटर मात्र पहिल्याच वेळी तुम्हाला स्वतःचा पासवर्ड बनवायला लावतात. आणि इथे अजून एक गोष्ट नीट समजून घ्या, राउटरचे पासवर्ड दोन असतात. एक वाय-फायचा, जो तुम्ही पाहुण्यांना सांगता. दुसरा या सेटिंगच्या पानाचा, जो कोणालाही सांगायचा नाही. दोन्ही वेगवेगळेच ठेवा. ज्याला वाय-फायचा पासवर्ड दिला त्याच्या हातात अख्ख्या राउटरची किल्ली कशाला द्यायची.

कंपनीचं मोबाईल अ‍ॅप असतं, त्यानेही होतं आणि नवख्या माणसाला ते सोपं वाटतं हे खरं आहे. पण बरीच अ‍ॅप अकाउंट उघडायला लावतात आणि सगळी सेटिंग दाखवत नाहीत, म्हणून माझं मत विचाराल तर एकदा तरी पानावरूनच करा, म्हणजे काय कुठे आहे ते कळतं.

बाहेरची बाजू आधी

वाय-फायचं नाव, पासवर्ड बदलायची घाई करू नका. आधी नेट आत येऊ दे. इंटरनेट किंवा वॅन नावाच्या भागात जा आणि कंपनीने सांगितलेला प्रकार निवडा. डीएचसीपी असेल तर, मॅक लॉक नसला तर, काहीच टाकायचं नाही, आपोआप होतं. स्टॅटिक असेल तर आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हे सगळे आकडे दिलेले असतात तसेच्या तसे टाका. पीपीपीओई असेल तर युजरनेम-पासवर्ड टाका आणि एकेक अक्षर बघून टाका, मोबाईलचा कीबोर्ड पहिलं अक्षर स्वतःहून कॅपिटल करतो आणि शेवटी स्पेस टाकतो, त्याने लॉगिन फेल होतं आणि कारण डोळ्याला दिसत नाही. युजरनेममध्ये ॲट चिन्ह आणि पुढे काही अक्षरं असतील तर तीही युजरनेमचाच भाग आहेत, ती गाळू नका.

सेव्ह केलं की स्टेटसचं पान बघा. वॅन आयपीपुढे ०.०.०.० असेल तर बाहेरची बाजू अजून लागलेली नाही, वाय-फायमध्ये काहीही बदललंत तरी फरक पडणार नाही. खरा आकडा आला की बाहेरची बाजू लागली. प्रकार बरोबर, पासवर्ड बरोबर, तरीही शून्यच, असं असेल तर मॅक लॉकचा संशय घ्या. एकतर कंपनीला फोन करून नवा मॅक अ‍ॅड्रेस नोंदवा, तो स्टिकरवर असतो, किंवा राउटरमध्येच मॅक क्लोन नावाचा पर्याय असतो त्यात जुन्या राउटरचा नंबर टाका. माझ्याकडे एकदा असंच झालं होतं, कंपनीचा माणूस फोनवर तीनदा राउटर रिसेट करायला सांगत राहिला आणि शेवटी मी स्वतःच मॅकचा विषय काढला तेव्हा दोन मिनिटांत नेट सुरू झालं. त्यामुळे फोनवर कोणी लगेच रिसेट करा म्हणालं तर आधी विचारा, मॅक बदललाय का तुमच्याकडे.

आता एक किचकट पण नेहमी होणारी भानगड. कंपनीने दिलेल्या मोडेमलाच वाय-फाय असेल तर तो स्वतःच एक राउटर आहे, आणि तुम्ही त्याच्यामागे दुसरा राउटर लावताय. मग वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा आयपी दिसतो. म्हणजे राउटरच्या आत राउटर. साध्या वापराला तसं चालून जातं, पण ऑनलाइन गेम, बाहेरून कॅमेरा बघणं अशा गोष्टींत त्रास देतं. आणि दोन्ही मशीनचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर मात्र काहीच धड चालत नाही, कारण आत आणि बाहेर एकच पत्ता आला की डेटाचं पाकीट कुठे पाठवायचं तेच राउटरला कळत नाही. उपाय तीन आहेत. कंपनीला सांगून मोडेम ब्रिज मोडवर करून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम न करता नेट फक्त पुढे सोडेल, मग पीपीपीओई तुमच्या राउटरमध्ये टाकायचं, सगळ्यात स्वच्छ उपाय हाच. नाहीतर तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल, बाकी काम मोडेम करेल. तेही नको असेल तर निदान तुमच्या राउटरचा लॅनचा पत्ता १९२.१६८.२.१ असा वेगळा करा, पुढच्या वेळी पान याच नव्या पत्त्यावर उघडायचं हे मात्र लक्षात ठेवा.

वॅन आयपी आला की वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर दोन-तीन साइट उघडून बघा. इथे नेट चाललं तरच पुढे.

आतली बाजू

वाय-फायच्या नावाला ३२ इंग्रजी अक्षरांची मर्यादा आहे. काहीही ठेवा, फक्त घर नंबर, आडनाव, राउटरचं मॉडेल हे नको, रस्त्यावरच्या माणसाला त्यातून फुकटची माहिती मिळते. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब पासवर्ड करा, लक्षातही राहतो आणि तोडायलाही कठीण, मोबाईल नंबर आणि जन्मतारीख अजिबात नको.

सिक्युरिटीमध्ये, म्हणजे वाय-फायला कोणत्या पद्धतीचं कुलूप लावायचं ते ठरतं तिथे, डब्ल्यूपीए३ आणि डब्ल्यूपीए२ एकत्र असा पर्याय असेल तर तो घ्या. डब्ल्यूपीए३ २०१८ साली आलं, त्यामुळे त्याआधीची बरीच मशीन फक्त डब्ल्यूपीए२ वर चालतात. तो एकत्र पर्याय नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएस. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत दिसली तरी घेऊ नका, ते कमकुवत आहे हे २००१ पासून माहीत आहे.

मग येतात दोन बँड. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण हळू आणि गर्दीचा, कारण शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात असतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण एक-दोन भिंतींत दम टाकतो. दोन्हींना एकच नाव दिलं तर फोन स्वतः निवडतो आणि रोजच्या वापराला तेच सोयीचं आहे. फक्त स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग यांतले बरेच २.४ वरच चालतात आणि एकच नाव असलं की कधीकधी जोडतानाच अडतात, तेव्हा तेवढ्यापुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करा, बल्ब जोडा, परत चालू करा.

२.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच एक घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ४ घेतलात तर दोन्हीकडच्यांचा त्रास तुम्हाला आणि तुमचा त्रास त्यांना. ५ गिगाहर्ट्झवर ऑटो चालतं. पण राउटर चालू केल्यावर ५ चं नाव मिनिटभर दिसत नसेल तर घाबरू नका, काही चॅनल रडारही वापरतं, त्यामुळे तिथे सिग्नल सोडण्याआधी राउटरला किमान ६० सेकंद ऐकत बसावं लागतं.

ही सेटिंग सेव्ह केली की सगळे फोन तुटतात, नवं नाव आणि नवा पासवर्ड टाकून परत जोडायचे. यात काही बिघडलेलं नसतं.

हे न करता उठू नका

नेट चालू झालं की उठून जावंसं वाटतं, पण अजून दहा मिनिटं बसा. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे, राउटर असली उपकरणं ताब्यात घेतली होती आणि त्यासाठी त्याने काही फार हुशारी केली नव्हती, कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या एकेक करून लावून बघितल्या. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता त्यांची मशीन गेली, आणि मालकांना कळलंही नाही.

म्हणून अ‍ॅडमिनचा पासवर्ड आधी बदला. मग फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट आहे का बघा आणि असेल तर करून घ्या, पण अपडेट चालू असताना पॉवर जाऊ देऊ नका, अर्धवट अपडेटने राउटर कायमचा बंद पडू शकतो, लाइट जायची शक्यता असेल तर नंतर करा. ऑटो अपडेट असेल तर चालू ठेवा. रिमोट मॅनेजमेंट बंद, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून तुमचं सेटिंगचं पान कोणालाच दिसायला नको. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने वाय-फाय जोडायची सोय) बंद, त्याच्या आठ आकडी पिनमधली खोट २०११ सालीच उघड झालीय. यूपीएनपी (उपकरणांना राउटरमधून बाहेरची वाट स्वतःहून उघडू देणारी सोय) गेमसाठी लागत नसेल तर तेही बंद. गेस्ट नेटवर्क मात्र जरूर चालू करा आणि पाहुणे, स्मार्ट बल्ब, कॅमेरे सगळे त्याच्यावर टाका, म्हणजे त्यातलं एखादं बिघडलं तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत सहजी पोचत नाही.

जागा आणि वेग

राउटर घराच्या मध्याजवळ, उंचावर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, मायक्रोवेव्ह यांच्या मागे किंवा शेजारी नको. केबल पुरत नाही म्हणून कोपऱ्यात ठेवायचं आणि मग वर्षभर आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून चिडचिड करायची, त्यापेक्षा लांब केबल घ्या, लॅन केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते.

वेग मोजायचा तर आधी वायरने मोजा, मग वाय-फायने. वायरने पूर्ण आणि वाय-फायने कमी, तर प्रश्न आतला आहे, जागा किंवा चॅनल बदला. वायरनेही कमी, तर प्रश्न बाहेरचा, कंपनीला सांगा. फक्त त्याआधी एक बघा, वेग बरोबर ९० ते ९५ एमबीपीएसवर अडत असेल तर पोर्ट १०० चा आहे किंवा केबलमधल्या आठपैकी एखादी तार तुटलीय, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही तारा लागतात. आणि डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये दिसतो, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, आठाने भागा, १०० चा प्लॅन असेल तर साडेबाराच्या आसपास दिसणं बरोबर आहे.

सगळं नीट चाललं की सेटिंगच्या पानावर बॅकअप नावाचं बटण असतं, त्याने फाइल लॅपटॉपवर उतरवून घ्या, आणि पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड व अ‍ॅडमिनचा पासवर्ड कागदावर लिहून सुरक्षित ठेवा. मागे बारीक भोकातलं रिसेट बटण टाचणीने दहाएक सेकंद दाबलं की हे सगळं पुसलं जातं, म्हणून घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा की नेट गेलं तर पॉवर बंद-चालू करा, पण त्या भोकाला हात लावू नका.